आधुनिक इतिहास व आंतरराष्ट्रीय संबंध : विद्यापीठीय अध्ययन (नागपूर)

साधारणतः अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आजपर्यंतच्या घडामोडींचा अभ्यास म्हणजे आधुनिक इतिहास. राज्याराज्यांतील युद्ध, तह, व्यापार व मुत्सद्देगिरी यांचा अभ्यास म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध. नागपुरात पहिला विषय इतिहास विभागाकडे आहे आणि दुसरा राज्यशास्त्राच्या छत्राखाली येतो. त्यामुळे एकच तह एका वर्गात ‘घडून गेलेली गोष्ट’ म्हणून शिकवला जातो आणि दुसऱ्या वर्गात ‘नमुना’ म्हणून. विद्यार्थ्याला ही वाटणी गैरसोयीची वाटते. नागपूरच्या बाबतीत ती जरा कृत्रिमही आहे, कारण 1854 पर्यंत हे भोसल्यांच्या राज्याचे राजधानीचे शहर होते आणि त्याचा इतिहास बऱ्याच अंशी परराष्ट्रव्यवहाराचाच इतिहास होता.

पूर्वपीठिका

हिस्लॉप महाविद्यालय 1883 मध्ये व मॉरिस महाविद्यालय 1885 मध्ये सुरू झाले. विद्यार्थ्यांच्या परीक्षा आधी कलकत्ता विद्यापीठाच्या असत, पुढे अलाहाबादच्या. नागपूर विद्यापीठ 1923 मध्ये स्थापन झाले. सर बिपिन कृष्ण बोस हे त्याचे पहिले कुलगुरू. 2005 पासून त्याचे नाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ असे आहे.

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाचे जगातले पहिले अध्यासन वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे 1919 मध्ये सुरू झाले. म्हणजे हा विषय नागपूर विद्यापीठापेक्षा अवघ्या चार वर्षांनी मोठा. पहिल्या महायुद्धातील संहारानंतर ‘पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे’ या प्रश्नातून तो जन्मला. दुसरे महायुद्ध झालेच, आणि मग त्यात वास्तववादी मंडळींचे, म्हणजे राज्ये सत्ता व स्वार्थ पाहूनच वागतात असे मानणाऱ्यांचे, पारडे जड झाले. भारतात 1955 मध्ये दिल्लीत यासाठी स्वतंत्र संस्था निघाली, ती 1970 मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. इतरत्र बहुतेक ठिकाणी हा विषय राज्यशास्त्राचा एक पेपर म्हणूनच रुजला.

देवगावचा तह : एक उदाहरण

दोन्ही विषय कुठे भेटतात हे पाहायला नागपूरकराला व्हिएन्ना किंवा व्हर्साय गाठण्याची गरज नाही. नोव्हेंबर 1803 मध्ये अडगावला आणि डिसेंबरात गाविलगडावर पराभव झाल्यावर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी 17 डिसेंबर 1803 रोजी इंग्रजांशी देवगावचा तह केला. कटक प्रांत गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख गेला, आणि नागपूरच्या दरबारात इंग्रज रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा कायमचा प्रतिनिधी, आला. पहिला आला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पुढे पुण्याचा रेसिडेंट म्हणून गाजलेला तोच.

धामणगावहून सकाळच्या गाडीने नागपूरला येणारा विद्यार्थी पुलगावच्या अलीकडे वर्धा नदीचा पूल ओलांडतो. 1803 नंतर त्याच पाण्याच्या एका काठावर भोसल्यांचे राज्य होते आणि दुसऱ्या काठावर निजामाचा वऱ्हाड. खिडकीतून दिसणारा हा पूल सीमा म्हणजे काय ते ज्या झटक्यात दाखवतो, तेवढे फळ्यावरच्या व्याख्येला जमत नाही.

इतिहासाचा प्राध्यापक इथे विचारेल, रघूजींनी ऐन वेळी शिंद्यांशी नीट मेळ का ठेवला नाही? राज्यशास्त्राचा प्राध्यापक विचारेल, बलाढ्य शत्रू समोर असताना दुबळी राज्ये एकत्र का येत नाहीत? पहिला प्रश्न एका माणसाबद्दल आणि एका वर्षाबद्दल आहे, दुसऱ्याचे उत्तर कुठल्याही शतकाला लागू पडावे अशी अपेक्षा असते. चांगल्या उत्तरपत्रिकेत दोन्ही येतात, पण गुण सहसा एकाचेच मिळतात.

तैनाती फौज ते संस्थान खालसा

रघूजींनी शेवटपर्यंत तैनाती फौज, म्हणजे आपल्या खर्चाने राज्यात ठेवायची इंग्रजांची फौज, स्वीकारली नाही. 1816 मध्ये ते वारले. गादीवर आलेले परसोजी दुबळे होते आणि कारभार पाहणाऱ्या अप्पासाहेबांना आपले स्थान पक्के करायचे होते. त्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला. दरबारातील भांडणात बाहेरच्या बलवान सत्तेला आत घेणे ही आंतरराष्ट्रीय राजकारणातली फार जुनी चूक. पुढच्याच वर्षी ती अप्पासाहेबांच्या अंगाशी आली. 26 व 27 नोव्हेंबर 1817 रोजी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर इंग्रजांशी लढाई झाली. भोसल्यांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी घेतली, पण ती हातची गेली आणि तिच्याबरोबर राज्याचे स्वातंत्र्यही. अप्पासाहेब कैदेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात राहिले आणि 1840 मध्ये जोधपूरला वारले.

तिसऱ्या रघूजींचे डिसेंबर 1853 मध्ये निधन झाले. औरस पुत्र नव्हता. गव्हर्नर जनरल डलहौसीने 1854 मध्ये राज्य खालसा केले आणि भोसल्यांचे जडजवाहीर कलकत्त्यात लिलावात विकले गेले. त्या दिवसापासून नागपूर ‘दुसरे राज्य’ उरले नाही. विभागांच्या भाषेत सांगायचे तर ते आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरातून इतिहासाच्या पेपरात गेले.

सीताबर्डीचा किल्ला आज सैन्याच्या ताब्यात आहे आणि वर्षातून मोजक्या दिवशी, 26 जानेवारी, 1 मे व 15 ऑगस्टला, लोकांसाठी उघडतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने निदान एकदा तरी त्या रांगेत उभे राहावे. वर गेल्यावर रेसिडेंटाची भीती आणि भोसल्यांची घाई दोन्ही समजतात.

कापूस आणि खिलाफत

खालसा झाल्यानंतरही जग नागपुरात येतच राहिले, फक्त दरबारी वकिलाऐवजी कापसाच्या गाठींतून. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात मँचेस्टरचा कापूस आटला आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला अचानक भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळला. 1867 मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून गिरणीचे हे नाव.

डिसेंबर 1920 च्या नागपूर काँग्रेसचे उदाहरण त्याहून बोलके आहे. विजयराघवाचार्य अध्यक्ष होते, असहकाराचा ठराव कायम झाला, काँग्रेसची घटना बदलून प्रांतिक समित्या भाषावार झाल्या, आणि विरोध करणाऱ्या जिनांना सभेत नीट बोलूही दिले गेले नाही. पण त्या मांडवात खिलाफतीचा विषय का होता, हे समजायला 10 ऑगस्ट 1920 चा सेव्रचा तह माहीत असावा लागतो. त्या तहाने ऑटोमन साम्राज्याचे तुकडे केले होते, आणि तिथला सुलतान हाच मुसलमानांचा खलिफा मानला जाई. ‘नागपूर अधिवेशन’ एवढीच टीप लिहिणारा विद्यार्थी सेव्र विसरतो, आणि सेव्र पाठ करणाऱ्याला नागपूर आठवत नाही.

अभ्यासक्रम आणि भाषा

इतिहासात साधारणपणे फ्रेंच राज्यक्रांती, औद्योगिक क्रांती, दोन महायुद्धे, शीतयुद्ध, वसाहतींचे स्वातंत्र्य आणि भारताचा स्वातंत्र्यलढा येतो. आंतरराष्ट्रीय संबंधांत वास्तववाद, उदारमतवाद, सत्तासंतुलन, 1954 चे पंचशील (भारत-चीन करारातील पाच तत्त्वे), 1955 ची बांडुंग परिषद, 1961 च्या बेलग्रेड परिषदेपासूनची अलिप्ततावादी चळवळ आणि 1971 चा भारत-सोव्हिएत करार. कौटिल्याचे राजमंडल इथे आवर्जून शिकवले जाते. शेजारी तो शत्रू, त्याच्या पलीकडचा तो मित्र. मुलांना हे लगेच पटते. मात्र ते भोसले, निजाम आणि पुण्याचे पेशवे यांना लावून पाहिले की मित्र-शत्रूंची वर्तुळे दर दोन वर्षांनी सरकताना दिसतात.

परीक्षा मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत देता येते. जुन्या मध्यप्रांताचा हा वारसा आहे. अडचण परिभाषेची. सत्तासंतुलन, अलिप्ततावाद, सार्वभौमत्व हे शब्द रुळले आहेत. ‘डिटरन्स’ला (प्रतिहल्ल्याच्या भीतीने शत्रूला रोखणे) मात्र कोणी प्रतिरोधन लिहितो, कोणी धाक, आणि चहाच्या टपरीवर सगळे डिटरन्सच म्हणतात. ‘धाक’ हा शब्द सर्वांत नेमका आहे, पण पुस्तकी वाटत नाही म्हणून मागे पडला.

स्पर्धा परीक्षा

दोन्ही विषयांकडे विद्यार्थी वळतात त्यात केंद्रीय लोकसेवा आयोगाचा वाटा मोठा. 2013 पासूनच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात जगाचा इतिहास आणि दुसऱ्यात आंतरराष्ट्रीय संबंध आहेत. शिवाय राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा 500 गुणांचा वैकल्पिक विषय, बोलीभाषेत ‘पीएसआयआर’. अभ्यासिकेत बसणारी मुले त्यामुळे दोन्ही विषय एकत्र वाचतात. विद्यापीठाने वेगळे ठेवलेले आयोगाने जोडले, असे म्हणायला हरकत नाही, फक्त ती जोडणी दीडशे-अडीचशे शब्दांच्या उत्तरांपुरती असते.

साधने

भोसलेकालीन नागपूरवर काम करणाऱ्यापुढे दोन प्रकारचे कागद येतात. इंग्रजी बाजू रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारात आणि रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सच्या 1827 च्या अहवालात मिळते. मराठी बाजू मोडी लिपीतल्या कागदांत आहे. राज्याच्या पुराभिलेख खात्याचे कार्यालय नागपुरातही आहे. इंग्रजी कागद वाचायला सोपे, म्हणून प्रबंध बहुतेकदा त्यांवरच उभे राहतात आणि अप्पासाहेब जेन्किन्सच्या नजरेतूनच दिसत राहतात. मोडीतले ‘र’ आणि ‘ल’ ओळखू यायला नवख्याचे दोन-तीन महिने जातात. तेवढे दिले की त्याच करारांची दरबारातली भाषा वाचता येते.