अप्पर, डिपर आणि अंधारातला डोळा

ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी दर सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ३३ मीटर तेवढ्यातच संपतात. मग कोरड्या डांबरी रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तरी गाडी थांबायला आणखी ३५ मीटर लागतात. झाले ६८ मीटर. रात्री, काही अपेक्षित नसताना, दीडाचे अडीच सेकंद सहज होतात आणि हाच आकडा ९० वर जातो. साध्या हॅलोजन हेडलाइटचा डिपर (खाली झुकवलेला झोत; अप्पर म्हणजे सरळ लांब जाणारा) मात्र रस्ता ५०-६० मीटरपर्यंतच बऱ्यापैकी दाखवतो. काळपट कपड्यांतला माणूस किंवा काळे जनावर त्याहूनही जवळ आल्यावर दिसते.

शहरात हा हिशोब रस्त्यावरचे खांब सांभाळून घेतात. आडवाटेच्या रस्त्यावर खांब नसतात, साइडपट्टी धड नसते आणि कुठून काय आडवे येईल याचा नेम नसतो. तरीही आपण निर्धास्त असतो, कारण स्टिअरिंग धरायला फारसा उजेड लागत नाही. पांढरी पट्टी, रस्त्याची कड आणि कडेचे फलक एवढे दिसले की गाडी आपल्या लेनमध्ये सुरळीत चालते. फलकांवरचा परावर्ती कागद तर हेडलाइटचा उजेड थेट गाडीच्याच दिशेने परत पाठवतो, म्हणून फलक दोनशे मीटरवरूनही लखलखतो. फलक दिसला म्हणजे रस्ताही दिसतोय असे वाटू लागते. रस्त्यात पडलेल्या दगडाला असा कागद चिकटवलेला नसतो.

उजेड कमी पडतो म्हटल्यावर पहिला सल्ला मिळतो तो मोठ्या बल्बचा. मला तो बहुतेक वेळा चुकीचा वाटतो. अंतर दुप्पट झाले की तिथे पडणारा उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो. १०० मीटरवर १ लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) उजेड पाडायला दिव्याची त्या दिशेतली तीव्रता १०,००० कॅन्डेला लागते. २०० मीटरवर तेवढाच उजेड हवा असेल तर ४०,०००. म्हणजे प्रकाश दुप्पट केला तरी नजरेची मजल जेमतेम ४० टक्क्यांनी वाढते. शिवाय बल्बच्या खोक्यावर छापलेले असतात ते ल्युमेन, म्हणजे सगळ्या दिशांना मिळून निघणारा एकूण प्रकाश. तो किती लांब जाणार हे ठरते कॅन्डेलावर, आणि कॅन्डेला बल्बच्या नव्हे तर रिफ्लेक्टरच्या, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत वाटीच्या, हातात असतात. पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी तेवढेच राहते, पण धार लांब जाते; रिफ्लेक्टरचे काम त्या अंगठ्याचे.

आता डोळ्याकडे वळू. दृष्टिपटलावर साधारण ६० लाख शंकूपेशी आणि १२ कोटींच्या आसपास दंडपेशी असतात. शंकूपेशींना रंग आणि बारकावे कळतात, पण उजेड भरपूर लागतो. दंडपेशी मंद उजेडातही काम करतात. मात्र नजर जिथे रोखतो त्या मधल्या बिंदूवर त्या नसतातच. हेडलाइटच्या उजेडात दोन्ही प्रकारच्या पेशी अर्धवट कामावर असतात. पूर्ण काळोखाला सरावायला डोळ्याला २० ते ३० मिनिटे लागतात, आणि हा सराव मोडायला मात्र एक झगझगीत झोत पुरतो.

हेडलाइट बदलणाऱ्यांची फसगत इथेच होते. बॉनेटपुढचे दहा-पंधरा मीटर पांढरेफटक उजळले की मन खूश होते. पण डोळा त्या उजळ पट्ट्याशी जुळवून घेतो, बाहुली आकसते आणि त्यापलीकडचा, मंद उजेडातला रस्ता आणखी काळा पडतो. ताशी ८० वेगात जवळचे पंधरा मीटर पाऊण सेकंदाच्या आतच मागे पडतात; तिथे काही दिसले तरी करता काहीच येत नाही. उजेड हवा असतो साठ मीटरच्या पुढे. डॅशबोर्डचे आणि मोबाइलचे दिवे मंद करणे हा याच कारणासाठी सर्वांत स्वस्त उपाय आहे. रात्री घालायचे म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे उलटे काम करतात: मुळात तुटपुंजा असलेला उजेड ते आणखी गाळतात.

सुधारणेची सुरुवात फडक्याने करावी. समोरच्या काचेला आतून बसलेला पातळ, तेलकट थर दिवसा लक्षातही येत नाही. रात्री समोरच्या गाडीचा उजेड त्यावर पसरतो आणि सगळे दृश्य धुरकट होते. हेडलाइटचे बाहेरचे आवरण हल्ली काचेचे नसून पॉलिकार्बोनेटचे असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळे आणि दुधाळ होत जाते. दुधाळ आवरण दुहेरी नुकसान करते: उजेड अडवते आणि जो बाहेर सोडते तोही विस्कटून. बारीक पॉलिश पेपरने घासून ते पुन्हा स्वच्छ करता येते, पण त्यावर अतिनील-रोधक थर दिला नाही तर ते लवकरच पुन्हा पिवळे पडते.

मग फोकस. एवढी मोठी आणि एवढी दुर्लक्षित गोष्ट दुसरी नाही. सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, टायरमधली हवा बरोबर ठेवा, एरवी असते तेवढे वजन गाडीत असू द्या आणि डिपर लावा. उजेडाची वरची कड भिंतीवर स्पष्ट रेषेसारखी दिसेल. ज्या देशांत वाहने डावीकडून चालतात तिथे ही रेषा डाव्या बाजूला वर चढते, उजवीकडून चालतात तिथे उजव्या. आपल्या बाजूची कड लांबपर्यंत दिसावी आणि समोरच्याचे डोळे वाचावेत म्हणून १९५७ पासून युरोपात हा असमान झोत रूढ झाला. या रेषेचा आडवा भाग हेडलाइटच्या मध्यापेक्षा किती खाली असायला हवा ते टक्क्यांत ठरलेले असते. बऱ्याच गाड्यांवर हेडलाइटजवळ किंवा बॉनेटखाली ते छापलेले सापडते. १ टक्का म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर. हेडलाइट जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर असेल तर रेषा भिंतीवर ६० वर यायला हवी, आणि मग झोत ७० मीटरवर रस्त्याला टेकतो. तीच रेषा चुकून ५० वर असेल तर झोत ३५ मीटरवरच संपतो. भिंतीवर चार बोटे इकडेतिकडे आणि रस्त्यावर निम्मी मजल गेली! उलट डिकीत सामान भरले, मागे माणसे बसली की गाडीचे नाक वर होते. अवघ्या एका अंशाने झोत वर गेला तर १०० मीटरवर तो पावणेदोन मीटर उंच जातो, म्हणजे थेट समोरच्या ड्रायव्हरच्या तोंडावर. स्टिअरिंगच्या आसपास हेडलाइट खाली करायची जी लहानशी चकती असते ती यासाठीच.

हॅलोजन बल्ब असलेल्या जुन्या गाडीत पुढची तपासणी मल्टिमीटरची. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले; बॅटरीच्या टोकांवर १४ व्होल्ट दिसतील. आता बल्बच्या कनेक्टरवर मोजा. तिथे १२.६ दिसले तर १० टक्के व्होल्टेज बारीक वायर, झिजलेला स्विच आणि गंजलेल्या अर्थिंगमध्ये वाटेतच खर्ची पडले. प्रकाश मात्र १० टक्क्यांनी घटत नाही. तो सुमारे ३० टक्क्यांनी घटतो, कारण टंगस्टनच्या तारेचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. तार थोडी थंड पडली की तिची ऊर्जा दृश्य प्रकाशातून निसटून उष्णतेत जाते, आणि उजेड पिवळा-तांबूस दिसू लागतो. उपाय जुनाच आहे: बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेमार्गे (रिले म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युत स्विच) जाड वायर थेट बल्बला, आणि गाडीच्या मूळ स्विचने फक्त रिले चालवायचा. त्याच बल्बमध्ये जणू नवा जीव येतो. याची दुसरी बाजूही आहे. व्होल्टेज ५ टक्क्यांनी चढले की बल्बचे आयुष्य जवळपास निम्मे होते, म्हणून चार्जिंग जास्त होत नाही ना हेही बघून घ्यावे. नव्या गाड्यांत बल्बचा प्रवाह संगणक तपासतो, तिथे असली जोडाजोड करू नये. एलईडी आणि झेनॉन दिव्यांना स्वतःचे नियंत्रक सर्किट असते, त्यामुळे त्यांना व्होल्टेजच्या अशा चढउताराचे फारसे काही वाटत नाही.

वायरिंग नीट झाल्यावरही बल्ब बदलायचाच असेल तर तो त्याच वॉटचा आणि चांगल्या दर्जाचा घ्या. १९७१ सालचा एच-४ बल्ब अजून असंख्य गाड्यांत आहे: डिपरला ५५ वॉट, अप्परला ६०. त्याच जागी १०० वॉटचा बल्ब घातला की होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टरचा मुलामा जळतो. निळसर छटेचे बल्ब दिसायला नवे वाटतात, पण तो निळेपणा काचेवरच्या लेपाचा असतो आणि लेप म्हणजे गाळणी.

हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब खोचण्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवे, कारण सध्या तीच हौस जास्त आहे. एच-४ मध्ये डिपरच्या तारेखाली एक इवलीशी धातूची वाटी असते. ती खालच्या बाजूचा प्रकाश अडवते, आणि भिंतीवरची ती स्पष्ट रेषा तिच्यामुळेच तयार होते. रिफ्लेक्टरचा प्रत्येक भाग तारेची नेमकी जागा गृहीत धरून घडवलेला असतो. तार मिलिमीटरभर सरकली तरी झोत बिघडतो. एलईडी बल्बच्या चिप्स सपाट पट्टीवर दोन बाजूंना बसवलेल्या असतात, त्यांचा आकार आणि जागा तारेशी क्वचितच जुळते. मग रेषा पुसट होते, जवळचा रस्ता भगभगतो, लांबचा तसाच राहतो आणि समोरचे लोक शिव्या घालतात. अनेक देशांत असा बदल बेकायदा आहे. मुळातून एलईडीसाठी बनवलेला हेडलाइट मात्र वेगळी चीज आहे; तो उत्तमच असतो.

आडवाटेवर खरा फरक पाडतो तो अप्परसोबतच पेटणारा जादा दिवा. अरुंद, लांब झोताचा एक आणि कडेची झुडपे दाखवणारा पसरट झोताचा एक, अशी जोडी एका लांबलचक एलईडी बारपेक्षा बरी, कारण बहुतेक बार उजेड जवळच ओततात. जादा दिवे टपावर लावायचा मोह टाळावा. तिथून बॉनेट उजळते, धुळीत आणि पावसात उजेड उलटून डोळ्यांत येतो, आणि दिवा नजरेच्या रेषेजवळ असल्यामुळे खड्ड्याची सावली खड्ड्यातच लपते. दिवा खाली असला की तोच खड्डा काळ्या डागासारखा उठून दिसतो. धुक्याचे दिवे बंपरवर असतात तेही बऱ्याच अंशी याचसाठी. त्यांचा पिवळा रंग धुके भेदतो ही समजूत काही खरी नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात की सगळे रंग ते जवळपास सारखेच विखुरतात. युरोपातल्या नियमांत एका गाडीच्या सगळ्या अप्पर दिव्यांची मिळून कमाल तीव्रता ४,३०,००० कॅन्डेला ठरलेली आहे. कागदावर तेवढी तीव्रता ६५० मीटरवर १ लक्स पाडते, म्हणजे अमर्याद दिवे लावण्याची गरज कोणालाच नाही.

हे सगळे अप्परवर चालते, आणि समोरून गाडी आली की पुन्हा डिपर. डोळे दिपल्यावर सावरायला काही सेकंद जातात. ताशी ८० ने पाच सेकंद म्हणजे ११० मीटर आंधळेपणाने. वय वाढते तसे भिंग पिवळसर आणि गढूळ होते, बाहुलीही पूर्वीइतकी उघडत नाही, त्यामुळे साठीतल्या माणसाला हाच त्रास जास्त होतो. समोरच्या झोताकडे न बघता आपल्या बाजूच्या कडेवर नजर ठेवावी आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा.

या अप्पर-डिपरच्या कटकटीवर २०१३ साली ऑडीच्या ए-८ मध्ये मॅट्रिक्स एलईडी आले. कॅमेरा समोरची गाडी ओळखतो, झोतातला तेवढाच तुकडा विझवतो आणि बाकी रस्ता अप्परवरच ठेवतो. मात्र कॅमेरा मुख्यतः दिवे ओळखतो. वळणापलीकडून येणाऱ्या गाडीचा उजेड झाडांवर आधी पडतो आणि तो ड्रायव्हरला लगेच कळतो. कॅमेऱ्याला बहुतेकदा गाडीचे दिवे प्रत्यक्ष दिसावे लागतात. त्यामुळे घाटवळणांवर आणि चढाच्या माथ्यावर, महागडी यंत्रणा असली तरी, डिपर हातानेच मारलेला बरा.