खोगीर घसरतं म्हणून तंग (घोड्याच्या पोटाखालून जाणारा खोगिराचा पट्टा) आवळू नका
"खोगीर कलतंय? तंग आणखी दोन भोकं वर घ्या," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. तंगाखाली दोन बोटं सपाट जायलाच हवीत. त्याहून आवळलात तर कोपरामागची कातडी सोलते, घोडा अवघडतो आणि खोगीर तरीही सरकतं.

दोष बहुधा मापात असतो. अरुंद खोगीर पाठीवर बसतच नाही, वरच डुगडुगतं. त्याखाली जाड नमदा (खोगिराखाली घालायची घडी) म्हणजे घट्ट बुटात जाड मोजा! नमद्याशिवाय, तंग न बांधता खोगीर ठेवून बघा: खोगिराच्या खालच्या दोन्ही गाद्या पाठीला सारख्या टेकल्या पाहिजेत. रिकिबीचे पट्टेही सारख्या लांबीचे आहेत का, मोजा. तरीही नेहमी एकाच बाजूला जात असेल, तर मागच्या पायांचा लंगडेपणा पशुवैद्यांकडून तपासून घ्याच. तो सहज दिसत नाही.