सोलची सोडत आणि मुलामुलींचे वेगळे वर्ग

अमेरिकेत १९७२च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणात लिंगभेदाला मनाई केली. २००६मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने नियम सैल केले आणि अनेक सरकारी शाळांनी मुलामुलींचे वर्ग वेगळे केले. त्यासाठी मेंदूचाही दाखला दिला जाई. मुलींचे कान म्हणे तीक्ष्ण, तेव्हा त्यांच्याशी हळू बोला. मुलांना जरा आवाज चढवून शिकवा.

ऐकण्यात सरासरी फरक सापडतो, पण तो इतका किरकोळ की मुलींमुलींच्या कानांतच त्याहून जास्त तफावत निघते. मुलांचा मेंदू सरासरी १० टक्क्यांच्या आसपास मोठा असतो, हेही खरं. त्यावरून भागाकार वेगळ्या रीतीने शिकवावा लागतो, असं मात्र कुणी दाखवून दिलेलं नाही. २०११मध्ये मानसशास्त्रज्ञ डायन हॅल्पर्न आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात या सगळ्याला सरळ छद्मविज्ञान म्हटलं. (पुण्यात १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, ती मुलींना शिक्षणाचं दारच बंद होतं म्हणून. तिथे मेंदूचा प्रश्नच नव्हता.)

तरीही मुलींच्या शाळांचे निकाल चांगले लागतात, ते का? इथे खरी मेख आहे. अशा शाळेत मुलीला मुद्दाम घालणारे पालक आधीच अभ्यासाकडे लक्ष देणारे असतात, आणि काही शाळा विद्यार्थिनीही निवडून घेतात. मग श्रेय शाळेचं की घराचं?

हा गुंता सोडवायला दक्षिण कोरियाची राजधानी सोल कामी आली. तिथे १९७४पासून आपापल्या विभागातली उच्च माध्यमिक शाळा सोडतीने मिळायची. एकत्र की वेगळी, हे नशिबावर. त्या आकडेवारीत वेगळ्या शाळांतल्या मुलामुलींना कोरियन आणि इंग्रजीत थोडे जास्त गुण होते, कॉलेजात जाण्याचं प्रमाणही अधिक होतं. समर्थकांना हा मोठाच आधार. पण तिथल्या वेगळ्या शाळांत खासगी शाळांचा भरणा मोठा, म्हणजे शिक्षक आणि कारभारही निराळा. सोडतीने विद्यार्थी सारखे झाले, शाळा सारख्या झाल्या नाहीत.

२०१४मध्ये २१ देशांतल्या १८४ अभ्यासांचा, सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. ढोबळ अभ्यासांत वेगळ्या शाळा थोड्या पुढे दिसल्या. घरची परिस्थिती वगैरे लक्षात घेणाऱ्या काटेकोर अभ्यासांत तो फायदा जवळजवळ विरघळून गेला.

मला मात्र २०१०चा एक छोटासा प्रयोग जास्त बोलका वाटतो. अमेरिकेतल्या काही बालवर्गांत बाईंनी दोन आठवडे मुलगा-मुलगी हा भेद सतत बोलून दाखवला: रांगा वेगळ्या, चित्रांचे फलक वेगळे. पंधरा दिवसांत ‘हे मुलांचं, ते मुलींचं’ हे समज पक्के झाले आणि मुलंमुली एकमेकांशी कमी खेळू लागली. ज्या वर्गांत बाईंनी हा भेद काढलाच नाही, तिथे असा बदल दिसला नाही. वर्ग तर दोन्हीकडे एकत्रच होते.