लुंबिनीले जाता? मंग आधारच्या भरवशावर राहू नका
कापूस निघाला की आमच्या दिग्रस-दारव्हा साइडले बोधगया-लुंबिनीच्या गाड्या भरणं सुरू होते अन् दरवर्षी एकच प्रश्न येते, आधार चालते का हो? लुंबिनी नेपाळात हाये, आपल्याले व्हिसा लागत नाही हे खरं, पण पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं वोटर कार्ड पायजेच. आधार फक्त 15 च्या खालच्या लेकरायले अन् 65 च्या वरच्या म्हाताऱ्यायले चालते. 15 ते 18 च्या पोरायसाठी शाळेच्या मुख्याध्यापकाचं ओळखीचं सर्टिफिकेट ठराविक नमुन्यात घ्या.

मागच्या साली आमच्या गाडीतले काका 67 चे, ते आधारवर पार झाले, अन् मावशी 58 ची, तिचं वोटर कार्ड घरी पेटीत लुगड्याखाली. नेपाळच्या सीमेवरच्या सोनौलीच्या इकडंच राहिली बिचारी, आम्ही वापस येईपर्यंत गोरखपूरच्या लॉजवर.

कार्ड नसंल तर फॉर्म 6, हरवलं, फाटलं किंवा नाव चुकलं असंल तर फॉर्म 8. गावातल्या बीएलओकडं, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्याकडं, द्या नाहीतर निवडणूक आयोगाच्या ॲपवरून भरा. कार्ड हाती याले वेळ लागते, म्हणून टूरचे पैसे भरायच्या आधी हे काम करा, आमच्याकडं उलटं असते, आधी सीट पकडतेत मंग कागद शोधतेत. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका, ओरिजनल ठेवा.

आता पैसे. 2018 मध्ये नेपाळनं आपल्या 100 च्या वरच्या नोटा बंद केल्या होत्या, तेव्हापासून तिकडचे दुकानदार 500 ची नोट पाहून मान हलवतेत, म्हणून बँकेतून 100 च्या नोटांचं बंडल घेऊन जा. आपले 100 म्हणजे त्यायचे 160, हा भाव पक्काच हाये. तिथं आपल्या पैशाले आयसी म्हणतेत अन् त्यायच्याले एनसी, हॉटेलवाला 320 म्हणला तर पहिले विचारा, कोणते? एनसी असंल तर आपले 200 च होतेत, न विचारता 320 देल्ले तर 120 गेले. यूपीआयही काही ठिकाणी चालते, नेपाळातल्या Fonepay चा क्यूआर असते तिथं (आपलं PhonePe वेगळं), पण बँकेचं इंटरनॅशनल यूपीआय घरूनच चालू करा.

उरलेले नेपाळी पैसे सीमेजवळच्या नेपाळातल्या भैरहव्यातच बदलून टाका, दारव्ह्याच्या बाजारात ते कोणी घेत नाही.