टाक्याच्या भोकातून येणारा पाऊस

घरी शिवलेला टार्प, म्हणजे आडोशासाठी वर ताणून बांधायचं कापड, सह्याद्रीतल्या पावसात गळायला लागला की आधी कापडावर संशय जातो. गळती मात्र बहुतेक वेळा शिवणीत असते. आढ्याची शिवण ३ मीटर लांब, टाका ३ मिलिमीटरचा आणि काठ एकमेकांत अडकवून मारलेली दुहेरी टीप, एवढा हिशेब केला तरी ऐन माथ्यावर सुमारे २,००० भोकं पडलेली असतात.

७० नंबरची सुई ०.७ मिलिमीटर जाड असते. दोऱ्याने भोक बरंचसं भरतं, पण फट राहतेच. कापडात मुरवलेल्या सिलिकॉनला पाणी नकोसं असतं, त्यामुळे ०.३ मिलिमीटरची फट साधारण ३ सेंटिमीटर उंचीच्या साचलेल्या पाण्याला थोपवू शकते. ५ मिलिमीटरचा टपोरा थेंब मात्र सेकंदाला जवळपास ९ मीटर वेगाने आदळतो आणि क्षणभर काही मीटर उंच पाण्याइतका दाब देतो. त्यात दोऱ्याच्या धाग्यांमधून पाणी वातीसारखं आत झिरपतं. जुन्या तंबूंचा सुती दोरा भिजून फुगायचा आणि भोक बुजवायचा. पॉलिएस्टरचा दोरा तसा फुगत नाही.

म्हणून ही भोकं सीलरने, म्हणजे शिवण बुजवायच्या द्रव्याने, भरावी लागतात. हलक्या टार्पचं कापड बहुधा सिलनायलॉन असतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी सिलिकॉन मुरवलेलं नायलॉन. त्यावर सिलिकॉनच टिकतं. पीयूचं (पॉलीयुरेथेनचं) सीलर किंवा इस्त्रीने चिकटवायची सीम टेप पोपडा निघावा तशी सुटून येते. उलट पीयू लावलेल्या कापडाला पीयूचंच सीलर हवं. कापड कोणतं ते माहीत नसेल तर कातरणावर सिलिकॉनचा ठिपका लावा आणि दुसऱ्या दिवशी नखाने खरवडून पाहा. सालीसारखा निघाला, तर ते कापड सिलिकॉनचं नाही.

हार्डवेअरच्या दुकानातलं पारदर्शक, शंभर टक्के सिलिकॉन घ्या. अ‍ॅक्रिलिक मिसळलेलं चालत नाही. पेंटच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन त्यात मिसळायचं. काचेच्या बाटलीत १५ मिलिलिटर सिलिकॉन घेऊन तेवढंच टर्पेंटाइन थोडं थोडं घालत घोटा. पातळ मधासारखं झालं की थांबा. एवढ्यात एक आढं आणि कोपरे होतात. दाट राहिलं तर ते फटीत शिरत नाही, नुसतं वर बसतं आणि घडी घालताना सोलून निघतं. फार पातळ केलं तर टर्पेंटाइन उडून गेल्यावर भोक बुजण्याइतकं सिलिकॉनच उरत नाही. हे काम मोकळ्या हवेत करा, जवळपास आग नको.

टार्प ताणूनच बांधा, ही पायरी चुकवू नका. ताण पडला की भोकं उघडतात. सैल कापडावर लावलेलं सिलिकॉन मिटलेल्या भोकावर बसतं आणि पहिल्या वाऱ्यात तडकतं. शिवण स्पिरिटने पुसून वाळवा, मग बाहेरच्या बाजूने ताठ ब्रशने दोन्ही टिपांवर सुमारे २ सेंटिमीटरचा पट्टा घासून भरा आणि दहा मिनिटांत ओघळ पुसून घ्या. दोरी बांधायच्या पट्ट्या जिथे शिवल्या आहेत तिथे टाके दाटीने असतात आणि सगळा ताणही तिथेच येतो, म्हणून तिथे आतूनही हात फिरवा.

सिलिकॉन हवेतल्या बाष्पाने घट्ट होतं, त्यामुळे दमट दिवस चालतो, पाऊस नको. २४ तास तसंच ताणून ठेवा. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आहे असं समजा, म्हणून धातूच्या चेनपासून ते लांब ठेवा. घडी चिकटू नये म्हणून शेवटी टाल्कम पावडर चोळा आणि जास्तीची झटका.

मग नळीने पंधरा मिनिटं पाणी सोडून आतून पाहा. शिवणीच्या रेषेवर थेंब दिसले, तर तेवढीच जागा वाळवून पुन्हा भरा. रात्रीच्या मुक्कामानंतर सगळ्या कापडावर सारखा ओलावा दिसला, तर तो श्वासाचं बाष्प थंड कापडावर साचून आलेला असतो. त्यावर सीलरचा उपयोग नाही. टार्पची एक कड उचलून हवा खेळती करा.