निर्देशक प्रतलावर बिंदू स्थापन

आलेख कागदावर एक आडवी संख्यारेषा आणि तिला शून्यापाशी काटकोनात छेदणारी उभी संख्यारेषा काढली की निर्देशक प्रतल तयार. आडवी तो एक्स-अक्ष, उभी तो वाय-अक्ष, छेदतात तो आरंभबिंदू. बिंदूची जागा क्रमित जोडीने सांगतात, आधी एक्स मग वाय. जुन्या पुस्तकांत यांनाच भुज आणि कोटी म्हणायचे.

पद्धतीचं श्रेय सरसकट फ्रेंच गणिती रने देकार्तला देतात, ‘कार्टेशियन’ हा शब्दही त्याच्या नावाच्या लॅटिन रूपावरनंच आलाय, पण १६३७ मध्ये लायडनला छापलेल्या त्याच्या ‘ला जिओमेत्री’त आपण फळ्यावर काढतो तसे दोन काटकोनी अक्ष सापडत नाहीत. तो एकच रेषा आधाराला धरतो, तिच्यावर एक लांबी मोजतो आणि तिथनं ठरलेल्या कोनात दुसरी, आणि तो कोन काटकोनच पाहिजे असंही नाही. पिएर द फर्मा या दुसऱ्या फ्रेंच गणितीने साधारण त्याच सुमारास, बहुधा १६३६ च्या आसपास, हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती, पण ते लिखाण छापून आलं थेट १६७९ मध्ये, तो गेल्यावर. काहीजण मूळ आणखी मागे, चौदाव्या शतकातल्या निकोल ओरेमपर्यंत नेतात, कारण वेगासारखी बदलती राशी तो आडव्या-उभ्या लांब्यांनी काढून दाखवायचा. पण समीकरणावरनं आकृती आणि आकृतीवरनं समीकरण ही ये-जा त्याच्याकडे नाही, त्यामुळे मान फर्मा आणि देकार्त दोघांना मिळून देणं जास्त पटतं. छतावर फिरणारी माशी बघून देकार्तला ही पद्धत सुचली, ही गोष्ट मुलांना फार आवडते, पण तिला त्या काळातला पुरावा नाही, ती दंतकथाच धरावी.

ऋण बाजू तर अजून उशिरा रुळली. न्यूटनच्या तिसऱ्या घाताच्या वक्रांवरच्या लेखनात, जे १७०४ मध्ये छापलं गेलं, ऋण निर्देशक नीट वापरलेले दिसतात. मोठमोठ्यांना इतका वेळ लागला, मग सातवी-आठवीतलं पोर उणे चिन्हापाशी अडखळलं तर त्याच्यावर ओरडू नये.

अक्षांमुळे प्रतलाचे चार चरण पडतात, वर उजवीकडचा पहिला, पुढचे घड्याळाच्या उलट दिशेने. अक्षावरचा बिंदू कुठल्याच चरणात नसतो.

(३, −२) स्थापन करायचा तर पेन्सिल आरंभबिंदूवर ठेवायची, उजवीकडे ३ एकक जायचं, तिथनं खाली २, आणि टिंब द्यायचं, हा चौथा चरण. आकड्यांची अदलाबदल झाली की (−२, ३), म्हणजे थेट समोरचा दुसरा चरण! (०, ४) हा बिंदू तर पुष्कळ मुलं एक्स-अक्षावर नेऊन ठेवतात, कारण शून्य दिसलं की ते सोडूनच देतात आणि ४ घरं आडवी चालतात. तिथे ‘आडवं शून्य पावलं, मग वर चार’ असं मोठ्याने म्हणायला लावावं. दुसरी चूक अक्षावर आकडे लिहितानाच होते, मुलं आकडा दोन रेषांमधल्या घरात लिहितात, तो रेषेपाशी हवा, नाहीतर सगळेच बिंदू अर्ध्या घराने सरकतात.