जुना पत्ता कुठं लिहून ठेवलाय?

मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत्यांचा सकाळी सकाळी फोन आला. "शेऱ्यांची यादी उघडली की पान मरतंय. जुन्या गिऱ्हाइकांचे शेरे दिसंनात, नवीन घातलेले तेवढे दिसत्यात. काय लागीर झालंय का बघा की." त्यांची हिशेबाची वेबसाइट पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतल्या लारावेल नावाच्या तयार सांगाड्यावर (फ्रेमवर्कवर) बांधलेली. बरीच वर्षं सातव्या आवृत्तीवर अडकली होती, ती आदल्या रात्री मी आठव्या आवृत्तीवर नेली होती. पानावर एकच तक्रार: 'अ‍ॅप\कस्टमर' हा क्लास सापडत नाही. क्लास म्हणजे प्रोग्रामचा नाव दिलेला एक तुकडा, सहसा स्वतःच्या फाइलमध्ये लिहिलेला.

अशी ओळ दिसली की बहुतेकांना वाटतं, फाइल उडाली. फाइल डिस्कवर शाबूत असते, पत्ता चुकलेला असतो. कोल्हापुरात नुसतं 'पाटलांकडं सोडा' म्हटलं तर रिक्षावाला 'कुठले पाटील?' विचारणारच, राजारामपुरी, आठवी गल्ली, पाटील असं सांगावं लागतं. क्लासच्या नावाला असा पूर्ण पत्ता जोडायची सोय पीएचपी ५.३ मध्ये, २००९ साली आली. तिला नेमस्पेस म्हणतात. त्या पत्त्यावरून फाइल कशी शोधायची याचा नियम २०१३ साली ठरला, तो पीएसआर-४.

हा नियम मला फार आवडतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. प्रोग्राम चालताना पीएचपीला अनोळखी क्लासचं नाव लागलं की ते लगेच हात टेकत नाही. आधीच नोंदवून ठेवलेल्या शोधकांना ते नाव दिलं जातं. यातला नेहमीचा शोधक कंपोजर या साधनानं बनवलेला असतो. तो आधी स्वतःची तयार यादी बघतो. तिथं नाव नसेल तर नावाची सुरुवात नकाशाशी ताडून पाहतो. 'अ‍ॅप\' ने सुरू होणारं सगळं अमुक फोल्डरमध्ये, असं तो नकाशा सांगतो. दोन सुरुवाती जुळल्या तर जास्त लांबीची आधी. मग उरलेल्या नावातल्या उलट्या तिरक्या रेघांच्या जागी फोल्डर येतात, शेवटी 'डॉट पीएचपी' लागतं, आणि त्या जागी फाइल असली तर ती उघडली जाते. बस्स. अख्खी डिस्क कोणी धुंडाळत नाही, म्हणून तर हे इतकं वेगवान आहे.

फाइल उघडली तरी काम संपत नाही. आत लिहिलेलं नाव मागितलेल्या नावाशी जुळलंच पाहिजे. लारावेल ८ मध्ये, डेटाबेसात सुरुवातीची माहिती भरणाऱ्या फाइलींच्या 'सीड्स' फोल्डरचं 'सीडर्स' झालं आणि आतल्या क्लासना नेमस्पेसही आली. फोल्डरचं नाव बदललं, फाइलमधली नेमस्पेसची ओळ राहिली, की दारापर्यंत जाऊनही 'सापडत नाही' हेच उत्तर. तशीच अक्षरांची गोष्ट. आपल्या देवनागरीत मोठं-छोटं अक्षर नाही, इंग्रजीत आहे. विंडोज फाइलच्या नावात तो फरक सहसा मानत नाही, लिनक्स मानतं. त्यामुळं लॅपटॉपवर धावणारा प्रोग्राम सर्व्हरवर आडवा होतो.

शिवाय शोध गरज पडल्यावरच सुरू होतो. म्हणून मुख्य पान ठणठणीत, आणि चार दिवसांनी कुणी एखादा कोपऱ्यातला अहवाल उघडला की चूक वर येते.

याच लहरीपणामुळं माणसं भलतीकडं वळतात. सर्व्हरच्या कपाटाला लिंबू-मिरची टांगलेली मी पाहिली आहे, अमावस्येला अपडेट नको म्हणणारेही भेटलेत. राजर्षी शाहूंच्या गावात हे बघवत नाही. काय होतंय ते न वाचता पुन्हा पुन्हा कॅशे (वेगासाठी साठवून ठेवलेल्या तयार प्रती) पुसत बसणं हाही त्याच जातीचा प्रकार. 'कंपोजर डंप-ऑटोलोड' ही आज्ञा यादी आणि नकाशा नव्यानं बनवते. क्लासचं नावच चुकलं असेल तर ती काय करणार?

अडत्यांच्या बाबतीत नाव चुकलेलंच होतं, पण प्रोग्राममध्ये कुठंच नाही. नव्या रचनेप्रमाणं मी कस्टमरची फाइल 'मॉडेल्स' फोल्डरात हलवली होती आणि जुना उल्लेख सगळीकडून बदलला होता. अख्ख्या प्रकल्पात शोधलं तरी 'अ‍ॅप\कस्टमर' एकदाही मिळेना. मग हे नाव उच्चारतंय कोण?

डेटाबेस. शेरा गिऱ्हाइकाचाही असतो, शेतकऱ्याचाही. म्हणून प्रत्येक शेऱ्याच्या ओळीत मालकाचा क्रमांक आणि मालकाच्या क्लासचं पूर्ण नाव साठवलेलं असतं. घर बदललं, रेशन कार्डावर पत्ता जुनाच. यादीचं पान त्या ओळीतलं जुनं नाव वाचून क्लास मागायचं आणि कोसळायचं. गिऱ्हाइकाचं पान मात्र नव्या नावाच्याच ओळी मागायचं, म्हणून तिथं काही न बोलता जुने शेरे गायब. अडत्यांनी फोनवर सांगितलेली दोन्ही लक्षणं तंतोतंत खरी होती.

आधी बॅकअप घेतला, मग त्या रकान्यातलं नाव बदलून 'कस्टमर' एवढंच ठेवलं. शेतकऱ्यांच्या ओळींनाही तसंच छोटं नाव दिलं. कुठलं छोटं नाव म्हणजे कुठला क्लास, हे लारावेलच्या 'मॉर्फ मॅप' मध्ये नोंदवलं. आता फाइल कुठंही हलवा, डेटाबेसला हात लावायला नको. मागाहून करायची म्हणून रांगेत थांबलेल्या कामांमध्येही क्लासची नावं अशीच गोठलेली असतात, त्यामुळं पुढच्या वेळी आवृत्ती बदलण्याआधी रांग रिकामी होऊ देणार आहे.